वखारीकडची भिंत

पिंप्राळ्यातल्या त्या दोन खोल्यांत आम्ही राहायला गेलो, तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि माझी धाकटी बहीण शकू नुकती पाऊल टाकायला लागली होती. आबा तिथल्या शाळेत मास्तर म्हणून आले होते. घर नानांचं. नाना गावातले मोठे माणूस. केळीच्या बागा, बैलांच्या दोन जोड्या, शाळेच्या कमिटीत मान. आबांची नेमणूक त्यांच्याच शब्दावर झाली होती, आणि खोल्याही त्यांनीच दिल्या होत्या. मागच्या खोलीच्या पलीकडे त्यांची वखार होती. वखार म्हणजे केळी पिकवायची अंधारी कोठी. हिरवे घड आत रचायचे, वाळक्या पानांनी झाकायचे, मडक्यात गोवऱ्यांचा धूर करायचा आणि दार गोणपाटांनी बंद करून टाकायचं. केळी सुकू नयेत म्हणून गडी दिवसातून दोनदा जमिनीवर पाणी मारायचे आणि गोणपाटं भिजवायचे. त्या वखारीची आणि आमच्या मागच्या खोलीची भिंत एकच होती, मातीची, हातभर जाडीची. जे पाणी ते तिकडे मारायचे, ते इकडे आमच्याकडे यायचं.

पहिल्या वर्षी आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. मायला उलट ती खोली आवडली होती, कारण उन्हाळ्यात गार राहायची. माझी माय नरडाण्याकडची, कोरड्या रानातली. तिच्या माहेरी उन्हाळ्यात जमिनीला पाय टेकवत नाही. ती म्हणायची, "आठे बरं शे, थंडगार." मग पाऊस सुरू झाला आणि भिंतीवर खालून वर एक काळपट रेघ चढायला लागली. आधी वीतभर, मग कमरेएवढी. तिच्यावर ठिपके उठले, काळे, हिरवट, बोट लावलं की काजळासारखे बोटाला यायचे. बिबड्यांचा डबा उघडला तर पांढरं केस आल्यासारखं काहीतरी सगळ्यांवर पसरलेलं. माय बिबडे करायची ते ज्वारीचे, पापडासारखे, उन्हात कडक वाळवून. ते सगळे उकिरड्यावर गेले. आबांची खुंटीवरची टोपी, माझी पाटी-दप्तराची पिशवी, देवाची पोथी, सगळ्याला तोच वास. तो वास मी अजून ओळखते. आता मुलगा त्याच्या फ्लॅटमध्ये एसी लावतो, आणि एखाद्या दिवशी कपाट उघडल्यावर तसं काही नाकाला लागलं की मी सगळे कपडे बाहेर काढते. सून हसते. हसू दे.

शकूचं झोपणं त्याच खोलीत. पुढच्या खोलीत चूल होती, येणारेजाणारे होते, म्हणून माय तिला मागे गोधडीवर निजवायची. तिला आधी खोकला लागला. सगळ्याच पोरांना लागतो तसा. मायनं ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती शेकली, अडुळशाचा काढा दिला, कांद्याच्या रसात मध घालून चाटवला. खोकला गेला, पण श्वास काही पहिल्यासारखा झाला नाही. आत घेतलेला श्वास सोडताना तिच्या छातीतून शिट्टी यायची, बारीक, जत्रेतल्या पिपाणीसारखी. बरगड्यांच्या मधली कातडी आत जायची. ती बसूनच झोपायला शिकली. तीन वर्षांचं पोर, गुडघ्यांना मिठी मारून, मान पुढे टाकून झोपायचं, आणि मला वाटायचं की लहान मुलं अशीच झोपत असतील.

आबा नानांकडे गेले. मीही बरोबर होते. नाना ओट्यावर बसून दातांत काडी फिरवत होते. आबांनी फार मवाळपणे सांगितलं की भिंतीला ओल येते, पोरीला त्रास होतो, वखारीतलं पाणी जरा कमी करता आलं तर. नाना हसले. म्हणाले, "मास्तर, पावसाना दिन शेत. भितले ओल ऱ्हाईच. तुमनी पोरनी छाती नाजूक शे, त्याले मनी भित काय करी?" आबा "हो, तेही खरंच" म्हणाले. मला आबांचा त्या दिवशी जितका राग आला तितका पुढे कधी आला नाही. परत येताना त्यांनी माझा हात धरला होता. मी तो सोडवून घेतला.

दरवर्षी दिवाळी झाली की माय भिंतीला चुना द्यायची. आठ दिवस भिंत पांढरीशुभ्र. नवव्या दिवशी ठिपके परत. गावात मात्र वेगळंच पसरलं. नानांच्या घरातून कुणीतरी बोललं की मास्तरांच्या पोरीला क्षय आहे. विहिरीवर बाया मायच्या बादलीपासून आपली बादली लांब ठेवायला लागल्या. संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकवाला दोघीच आल्या. त्यातली एक नानांची मुलगी, कुसुमअक्का. तेव्हा तिचं लग्न व्हायचं होतं. तिनं शकूला मांडीवर घेतलं आणि तिच्या ओठांना स्वतःच्या हातानं तिळगूळ लावला. गावात शकूला हात लावणारी त्या वर्षी तेवढी एकच.

शेवटी माय हट्टानं शकूला घेऊन धुळ्याला सरकारी दवाखान्यात गेली. मीही होते. डॉक्टर तरुण होता. त्यानं नळी लावून पाठ, छाती, पुन्हा पाठ ऐकली. मग शकू ज्या गोधडीत गुंडाळलेली होती ती नाकाशी नेली.

"बाई, खोलीला ओल आहे का?"

"शे, दादा. भित रडस."

"बुरशी? काळे डाग?"

मायनं हो म्हणून मान हलवली.

"हा क्षय नाही. बालदमा आहे. माझी औषधं तिला तेवढ्यापुरता उतार देतील. पण ती त्या खोलीत झोपली तर मी इथून काहीही करू शकत नाही. कोरड्या जागेत न्या."

माय तिथूनच नरडाण्याला गेली. मामाच्या घरात शकू दोन महिने राहिली. तिथं अंगणात गोठ्याच्या सावलीला खाटेवर झोपायची, कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा मागायची, कोंबड्यांच्या मागे पळायची. पळायची! मी तिला तोपर्यंत पळताना पाहिलंच नव्हतं. शिट्टी बंद झाली. दोन महिन्यांनी आबांचं पत्र आलं, माझी शाळा होती, घर उघडं होतं. माय परत आली. पाचव्या दिवशी शकू पुन्हा गुडघ्यांना मिठी मारून बसली.

तेव्हा माय एकटी नानांकडे गेली. डोक्यावर पदर घेऊन ओट्याच्या खाली उभी राहिली. मी दाराआडून ऐकत होते. ती म्हणाली, "नाना, डॉक्टरनी सांगेल शे. एक पावसाया वखार बंद ठेवा. तव्हलग आम्ही दुसरी जागा देखतस. मनी पोर वाची जाई." नाना म्हणाले, बघू. श्रावण तोंडावर होता. उपासाच्या दिवसांत केळीला मागणी असते. वखार बंद झाली नाही. त्या श्रावणात उलट दुप्पट माल भरला. आबा जागा शोधत होते, पण क्षयाची बोलवा झालेल्या घराला जागा कोण देणार? ही बोलवा कुणी उठवली, हे मी वर लिहिलंच आहे.

शकू हरतालिकेच्या दिवशी दुपारी गेली. मायचा उपास होता. शकू तिच्या मांडीवर होती, ओठ निळे पडलेले, आणि शिट्टी अचानक थांबली. मला वाटलं उतार पडला. मी खरंच म्हटलं, "माय, थांबलं बघ." माय माझ्याकडे बघत राहिली.

आबांनी बाहेर येऊन सांगितलं. त्याच वेळी वखारीचं दार उघडून गडी पिकलेले घड गाडीवर चढवत होते. शेजारच्या म्हाताऱ्या गड्यानं हातातला घड खाली ठेवला आणि नानांकडे बघितलं. आबा म्हणाले, "नाना, आजचा दिवस तरी." नानांनी डोक्यावरची टोपी काढली, घटकाभर हातात धरली, आणि मग म्हणाले, "मास्तर, वाईट व्हयनं. पण केयी कोनासाठे थांबत नही." गड्यानं घड उचलला. शकूला न्यायला माणसं जमली तेव्हा केळीची गाडी आमच्या दारावरून गेली, आणि तिला वाट द्यायला माणसं बाजूला सरली. मी केळं खात नाही. प्रसादाचंसुद्धा नाही. लोक विचारतात, तर मला सोसत नाही असं सांगते.

पंधरा दिवसांत आम्ही गावाच्या दुसऱ्या टोकाला एका विधवा बाईच्या घरात गेलो. उंचावरचं, कोरडं घर होतं. आता जागा मिळाली, कारण आता घरात आजारी कुणी नव्हतं. आबांनी बदलीचा अर्ज केला. माय काम करायची, बोलायची नाही. मी बारा वर्षांची होते, आणि माझ्या मनात रात्रंदिवस एकच गोष्ट चालायची, नानांचं काय करायचं. वखारीला आग लावायची, विहिरीत काही टाकायचं, बैल सोडून द्यायचे. कोणतीच गोष्ट मला पुरेशी वाटायची नाही. बैल परत मिळतात. वखार पुन्हा बांधता येते.

मग माघात कुसुमअक्का बाळंतपणाला आली. तिला पाचोऱ्याला दिलं होतं. मुलगा झाला. नानांनी गावभर पेढे वाटले. आणि बाळंतिणीला कुठं ठेवलं? आमच्या त्याच मागच्या खोलीत. ती रिकामी होती, आडबाजूला होती, वारा लागत नव्हता. भिंतींना ताजा चुना दिला होता. शाळेतून येताना मी मुद्दाम त्या बोळातून यायचे. एक दिवस आतून खोकला ऐकू आला, इवलासा, मांजराच्या पिल्लानं शिंकावं तसा.

मला आनंद झाला. हे मी आज कागदावर लिहिते आहे, कारण आता ते वाचून मला रागावणारं कुणी राहिलेलं नाही. मी घरी येऊन दोन भाकरी खाल्ल्या. रोज जायचे, खिडकीखाली थांबायचे, ऐकायचे. आठ दिवस मी हे केलं. मला माहीत होतं चुन्याच्या आत काय आहे, आणि मी कुणालाही सांगितलं नाही. सातव्या दिवशी शिट्टी ऐकू आली. ती मी हजारात ओळखली असती.

आठव्या दिवशी मला एक विचार सुचला. हे पोर गेलं तर नाना काय म्हणतील? म्हणतील, छाती नाजूक होती. लोक त्यांच्या ओट्यावर येतील, पाठीवर हात ठेवतील, देवाची मर्जी म्हणतील. त्यांना दुःख होईल, पण दोष लागणार नाही. मला त्यांचं दुःख पुरणार नव्हतं. ते कशामुळे झालं हे त्यांना गावासमोर, त्यांच्याच माणसाच्या तोंडून ऐकायला लावायचं होतं. पुढे सगळे म्हणाले की मास्तरांच्या विमलनं बाळाचा जीव वाचवला. बाळाचा विचार मी त्या वेळी केला नव्हता.

रविवार होता. नानांच्या ओट्यावर कमिटीची माणसं बसली होती. आबाही होते, बदलीच्या कागदासाठी. मी मागच्या दारानं खोलीत गेले. कुसुमअक्का बाजेवर बाळाला छातीशी धरून बसली होती. खाली शेगडी, तिच्यावर ओवा-बाळंतशेपाची धुरी. डोळ्यांखाली काळं झालेलं. मला बघून ती म्हणाली, "विमल, ये वं. देख ना, याले काय व्हयनं काय माहीत. दम लागस."

मी शेगडीपाशी पडलेलं उलथनं उचललं आणि पाळण्याच्या शेजारची भिंत खरवडायला लागले. चुन्याचा पातळ पापुद्रा सुटून खाली पडला. आत काळं होतं. ओलं, मऊ, उलथन्याला चिकटणारं काळं. मी खरवडतच राहिले, दाराएवढी जागा होईपर्यंत. कुसुमअक्का ओरडली नाही. मी उलथनं तिच्या नाकाशी नेलं.

"वास घे," मी म्हटलं. "शकूच्या गोधडीला हाच वास होता. डॉक्टरनं सांगितलं होतं. मायनं नानांना हात जोडून सांगितलं होतं. ती इथंच झोपायची, अक्का. तुझ्या पाळण्याच्या जागी."

तिनं माझ्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. भिंतीला हात लावला. पलीकडे गडी पाणी मारत होते, त्याचा सपसप आवाज येत होता. तिनं बाळाला लुगड्याच्या पदरात गुंडाळलं, माझ्या हातातलं उलथनं घेतलं आणि केस मोकळे, पायात काही नाही, अशी पुढच्या दारानं ओट्यावर गेली. बाळंतीण बाई अशी माणसांत येत नसे. बसलेली माणसं उभी राहिली.

"नाना," ती म्हणाली, "मास्तरनी पोर याच खोलीमा गयी ना?"

नाना म्हणाले, "आत जाय तू."

"तुम्हले माहीत व्हतं?"

"बठ्ठा गावले माहीत शे. पोरगी आजारी व्हती."

"तुम्हले सांगेल व्हतं का नही? मास्तरीनबाई हात जोडी उनती का नही?" तिनं ते काळं माखलेलं उलथनं त्यांच्या पांढऱ्या धोतरावर ठेवलं. "ती पोर तुम्ही मारी. आते मना लेकरूले आठे निजाडं. पानी बंद करं नही, चुना लायी दिन्हा."

नानांनी इकडेतिकडे बघितलं, कमिटीच्या माणसांकडे, आबांकडे. आबा खाली बघत नव्हते. पहिल्यांदाच ते सरळ नानांच्या तोंडाकडे बघत होते. नानांचा चेहरा मी अगदी जवळून, दाराच्या चौकटीतून पाहिला. त्यांची हनुवटी हलत होती. मी तो पोटभर पाहून घेतला.

कुसुमअक्का दुपारच्या गाडीनं पाचोऱ्याला निघाली. तिची आई रडत मागे आली, तेव्हा कुसुमअक्का बैलगाडीत बसताना एवढंच म्हणाली, "मास्तरीनबाई मले सांगी, तव्हयच मी या दारमा पाय ठेवसू." बाळाला कोरड्या घरात महिन्याभरात उतार पडला. त्या वर्षी अखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, गावातल्या सगळ्या लेकी माहेरी आल्या, झोके बांधले, गाणी म्हटली. नानांच्या दारातल्या निंबाला झोका नव्हता.

आबांची बदली धुळ्याला झाली. मी मॅट्रिकला होते त्या वर्षी एके सकाळी दारात नाना उभे राहिले. मी त्यांना आधी ओळखलं नाही. अंग गळालेलं, धोतर मळकं. बायको वारली होती. मायनं त्यांना पाट दिला, ताक दिलं.

"बहीन, वखार मी त्याच वरीसले मोडी टाकी," ते म्हणाले. "भितबी पाडी. कुसुम येत नही. माय गयी तव्हयबी गावना बाहेरथीनच परत गयी. तुम्हनी एक पत्र टाकं तर ती यी." मग त्यांनी मायच्या पायांकडे हात नेले. मायनं पाय मागे घेतले. तिला त्यांची शिवशिव नव्हती. वडीलधाऱ्या माणसानं पायाला हात लावावा हे तिला सहन होईना.

ते गेल्यावर मायनं मला दौत-टाक घ्यायला सांगितलं. तिला लिहिता येत नव्हतं. मी म्हटलं, "माय, तू त्यांना सोडून देणार?"

माय म्हणाली, "मले काही सोडता येत नही, धरता येत नही. पन कुसुमनी मनी पोरले मांडीवर लिन्हं व्हतं. तिनं माहेर कसाले तुटाले पायजे? लिख." आणि तिनं सांगितलं, कुसुम, तू बापाकडे जा, माझी काही हरकत नाही, या अखाजीला जा. मी शब्दन् शब्द लिहिला. पाचोऱ्याचा पत्ता घातला. चांगलं अक्षर काढलं.

पोस्टाचा रस्ता पांझरेच्या पुलावरून होता. मी पुलावर थांबले, पत्राचे चार तुकडे केले, मग त्यांचे आणखी चार, आणि खाली पाण्यात सोडले. मायला सांगितलं, टाकलं.

नाना त्या अखाजीला वाट बघत होते, आणि पुढच्याही. गावाकडून येणारे सांगायचे की म्हातारा दिवसभर स्टेशनच्या रस्त्याकडे तोंड करून बसतो. मला ते ऐकायला आवडायचं, मायच्या कानावर मात्र मी ते जाऊ दिलं नाही. दुसऱ्या अखाजीनंतर ते गेले. कुसुमअक्का मातीला आली नाही. लेकीविना, परक्यांच्या हातून त्यांचं सगळं झालं. त्याबद्दल मला तेव्हा वाईट वाटलं नाही, आता या वयातही वाटत नाही. माझ्या बरोबरीच्या बायका भजनाला जातात आणि सगळ्यांना क्षमा करून येतात. मी जात नाही.

पुढच्या वर्षी मी मास्तरणीच्या ट्रेनिंगसाठी जाताना पाचोऱ्याला गाडी बदलायची होती. मध्ये तीन तास होते. काय वाटलं कोण जाणे, मी विचारत विचारत कुसुमअक्काच्या घरी गेले. तिनं मला दारातच मिठी मारली. अंगणात सहा-सात वर्षांचा मुलगा गोट्या खेळत होता. धावत आला, माझ्या पाया पडला, धावत गेला. तिनं शेवेची भाजी केली, गरम भाकरी वाढली आणि समोर बसली. पहिला घास मी तोंडात घातला, तेव्हा ती बोलायला लागली.

"नाना मले निरोप धाडत ऱ्हायनात. मास्तरीनबाई पत्र धाडी म्हणे. मी दोन अखाजी वाट देखी, विमल. पेटी भरी ठेवेल व्हती. पत्र उनं नही. मंग मी समजी गयी, त्या मायना जीव अजून जळस. कसा नही जळाव?" तिनं पदरानं डोळे पुसले. "बाप गया, मी गऊ नही. तुना मायले सांगजो, कुसुमनी सबद मोडा नही."

घास माझ्या तोंडात होता. मी मान हलवली.

पाचोऱ्याला थांबल्याचं मी आबांना पत्रात लिहिलं होतं. सुट्टीत धुळ्याला गेले तेव्हा मायनं पाणी देता देताच विचारलं, "पाचोराले कुसुम भेटनी म्हने तुले. बापले भेटाले गयती का ती?"

"गयती," मी म्हटलं.

"बरं व्हयनं," माय म्हणाली, आणि सुटकेचा श्वास टाकून चुलीकडे वळली.